चुकेल त्याचा चहा

आत्या ही खरं तर एकाच पोराची आत्या. पण तो पोरगा इतका बडबड्या, की कॉलेजच्या गेटापासून कॅन्टीनपर्यंत 'आत्या, इकडे ये', 'आत्या, डब्यात काय आणलंस' असा ओरडत फिरायचा. महिन्याभरात पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग तिला आत्या म्हणायला लागला. एकदा तर रसायनशास्त्राचे सरच हजेरी घेताना 'आत्या' म्हणून गेले आणि मग जीभ चावून फळ्याकडे वळले. चाळिशीला टेकलेली बाई मिसरूड न फुटलेल्या पोरांत येऊन बसते म्हटल्यावर तिला काहीतरी म्हणायला हवंच होतं. आजी म्हणाले नाहीत हेच नशीब.

सकाळी ती हॉस्पिटलात आया. आया म्हणजे काय, हे ज्याचं माणूस कधी खाटेवर पडलं असेल त्याला सांगायला नको. भांडं द्यायचं, भांडं रिकामं करायचं, चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, आणि कोणी 'अगं ए' म्हटलं की हातातलं टाकून जायचं. उभं तरुणपण तिने 'अगं ए'ला ओ दिली होती. आता तिला कोणीतरी 'सिस्टर' म्हणायला हवं होतं. बस, एवढंच. लोकांना बंगले हवे असतात, हिला एक शब्द हवा होता.

हॉस्पिटल दरवर्षी आपल्याकडच्या एका आयेला नर्सिंगच्या कोर्सला पाठवायचं. मेट्रनबाईंनी हिचं नाव पुढे केलं. बाकीचे विषय निघाले, पण रसायनशास्त्राने पहिल्याच वर्षी दात दाखवले. वर्ष वाया गेलं. मेट्रनबाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"मी वरच्यांशी भांडून तुला अजून एक वर्ष मिळवून दिलंय," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटचं. या खेपेला रसायन राहिलं तर जागा दुसरीला जाईल आणि तू परत वॉर्डात. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

ती दुसरी कोण, हे आत्याला ठाऊक होतं. शेजारच्या वॉर्डातली तरणी आया. रोज समोर आली की गोड हसून विचारायची, "काय मग, अभ्यास कसा चाललाय?" आत्या बादली उचलून दुसऱ्या दिशेला वळायची.

तर असं सगळं गळ्याशी आलेलं असताना भाचा बारावी होऊन त्याच कॉलेजात विज्ञानाला आला. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र सगळ्यांना एकच, त्यामुळे आत्या आणि भाचा एका वर्गात. भाच्याचं घरचं नाव झंप्या. चालायला शिकला तेव्हा चालायचाच नाही, उड्याच मारायचा, म्हणून आत्यानेच ठेवलेलं. नवरा कामासाठी परगावी गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा आत्या दादाच्या घरी आली होती. वहिनी दिवसभर कपड्यांच्या दुकानात उभी. त्यामुळे ड्युटी सांभाळून झंप्याचं दूधभात, शी-शू, अ आ इ ई सगळं आत्याच्या हातून झालं. स्वतःला मूल नव्हतं, ती सगळी हौस तिने या उडाणटप्पूवर भागवून घेतली.

"तू काळजीच करू नकोस," झंप्या म्हणाला. "आमचा ग्रुप आहे. तुला पास केल्याशिवाय सोडत नाही."

ग्रुप म्हणजे तीन टाळकी. एक झंप्या. दुसरा मेकॅनिक, ज्याच्या बापाचं गॅरेज होतं आणि ज्याची नखं कितीही घासली तरी काळी ती काळीच. आणि तिसरी चष्मिस. जाड भिंगांचा चष्मा, हडकुळी मान, आणि जीभ अशी की लिंबू कापावं. हुशार मात्र विलक्षण. ग्रंथालयाच्या जिन्याखाली मोडकी बाकं टाकून दिलेली होती, तिथे हे लोक दुपारी बसायचे. आत्या ड्युटी संपवून, साडीला हॉस्पिटलचा वास तसाच, थेट तिथे पोचायची.

ग्रुपचा नियम चष्मिसने घातलेला. दर शुक्रवारी टेस्ट. प्रत्येकाने एक गणित घालायचं, सगळ्यांनी सगळी सोडवायची, मग आपला कागद डावीकडच्याला द्यायचा आणि त्याने लाल पेनाने तपासायचा. ज्याचं जास्त चुकेल त्याने कॅन्टीनमधून सगळ्यांना चहा आणायचा. 'चुकेल त्याचा चहा.' पहिले कित्येक शुक्रवार चहा आत्यानेच आणला. कॅन्टीनवाला तर तिला पाहिलं की न विचारता चार कप भरायला घ्यायचा.

चहाचं तिला काही नव्हतं. खरी अडचण वेगळी होती. आत्याला 'नाही समजलं' म्हणताच यायचं नाही. पोरं काही सांगायला लागली की ती मान डोलवायची, 'हां हां, समजलं' म्हणायची. या पोरांसमोर, त्यातून ज्याचं नाक पुसलं त्या भाच्यासमोर, 'माझ्या डोक्यात काही शिरत नाही' असं कसं म्हणायचं? हॉस्पिटलातही तीच सवय. डॉक्टर भराभर काहीतरी सांगून जायचे, ही 'हो साहेब' म्हणायची आणि मग दुसऱ्या आयेला हळूच विचारायची. इथे हळूच विचारायला दुसरी आया नव्हती.

चष्मिसला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. "समजलं ना? मग मला सांगा बघू परत," असं ती म्हणायची, आणि आत्याला घाम फुटायचा.

एका शुक्रवारी गणित आलं ते द्रावणाचं. अमुक इतकं मीठ दिलंय, त्याचं एक लिटर द्रावण कसं बनवशील? आत्याचा चेहरा खुलला. अरे, हे तर रोजचं काम! वर्षानुवर्षं ती बादलीत पाणी भरून त्यात जंतुनाशकाची झाकणं ओततेय. तिने झोकात लिहिलं: 'एक लिटर पाणी घ्यावे, त्यात मीठ टाकावे, ढवळावे.' कागद डावीकडे दिला. त्या दिवशी डावीकडे चष्मिस होती. तिने सर्रकन लाल फुली मारली.

"फुली?" आत्या म्हणाली. "का बरं?"

"एक लिटर पाणी नाही, एक लिटर द्रावण हवंय. आधी थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं, मग वर पाणी घालत घालत लिटरच्या रेघेपर्यंत आणायचं. तुम्ही लिटरभर पाणी घेऊन वर मीठ टाकलंत तर सगळं मिळून लिटरच्या वर जाईल."

"इतकंसं मीठ, त्याने काय फरक पडतो? आम्ही हॉस्पिटलात रोज करतो."

"रोज चुकीचं करत असाल."

"अगं, मी बादल्या भरत होते तेव्हा तू पाळण्यात होतीस!"

"म्हणून काय झालं?" चष्मिसचा आवाज चढला. "वीस वर्षं चुकीचं केलं म्हणून ते बरोबर होत नाही! तुम्ही ऐकतच नाही, आत्या. नुसतं समजलं समजलं करता. असं केलंत तर तुम्ही परत नापास होणार, लिहून घ्या."

झालं. 'परत नापास' हा शब्द तिच्या वर्मी बसला. सकाळी त्या तरण्या आयेने हसून विचारलेलंच होतं, अंगात कणकण होती, पायांचे तुकडे पडलेले. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. जिन्यावरून जाणारी पोरं वाकून बघायला लागली. एवढी मोठी बाई मोडक्या बाकावर बसून रडतेय!

झंप्या ताडकन उठला. "मोठ्या माणसांशी बोलायची काही रीत आहे की नाही तुला? माझी आत्या आहे ती!"

आणि आत्याही, रडता रडता, बोलू नये ते बोलून गेली. "आईने वळण लावलेलं दिसत नाही हिला. असली शिकवणी नको मला, बाई. हिला जाऊ दे इथून."

चष्मिसने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पिशवी उचलली आणि निघून गेली. लाल पेन तेवढं बाकावर राहिलं. झंप्याने ते उचललं, आत्याच्या कागदावरची फुली गिरवून गिरवून झाकून टाकली आणि शेजारी एक भली मोठी टिक केली.

"हे घे. रडू नकोस. माझ्या हिशेबी बरोबर आहे," तो म्हणाला. आत्या हसली, नाक पुसलं. पोराने आपली बाजू घेतली म्हणून तिचा ऊर भरून आला. तिथेच घात झाला.

कारण त्यानंतर जिन्याखाली रामराज्य आलं. आता तिघंच राहिले. आत्याचा कागद झंप्याकडे, झंप्याचा मेकॅनिककडे, मेकॅनिकचा आत्याकडे. झंप्याला आत्याच्या डोळ्यांत पाणी नको होतं, त्यामुळे तो टिक करायचा. मेकॅनिक बघायचा, की आत्याला एवढी सूट मग झंप्याला फुली कशी द्यायची, मैत्री तुटायची. तोही टिक करायचा. आणि आत्याला मेकॅनिकने लिहिलेलं बरोबर की चूक हेच कळायचं नाही, तेव्हा पोरगा कष्टाळू आहे, गॅरेजातून दमून येतो, म्हणून तीही टिक करायची. सगळे बरोबर! चुकणारा कोणीच उरला नाही, म्हणून चहा पाळीपाळीने यायला लागला. कॅन्टीनवाला म्हणालासुद्धा, "काय आत्या, हल्ली हुशार झालात!"

ती खुशीत होती. घरी मटार सोलता सोलता वहिनीला सांगायची, "वहिनी, आज पण सगळं बरोबर." वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही सिस्टर झालात की मला सुई मात्र हळू टोचा हं." दादा पेपराच्या आडून हसायचा. हॉस्पिटलातही ती मान वर करून चालायला लागली. त्या तरण्या आयेने एकदा विचारलं तेव्हा हिने ऐटीत सांगितलं, "उत्तम चाललंय." मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हाही हेच. झंप्याच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही असं नाही. पण आत्या खुश दिसली की तो ती पाल हाकलून लावायचा.

खोट्याच्या कपाळी गोटा, असं आपल्याकडे म्हणतात. गोटा पडायला सहामाही परीक्षा आली.

मार्कांचा कागद प्रयोगशाळेच्या दारावर लागला. आत्याने स्वतःचं नाव वरून शोधायला सुरुवात केली. वर नव्हतं. मध्ये नव्हतं. पार तळाशी सापडलं, समोर एवढेसे मार्क. मागच्या वर्षी नापास झाली तेव्हासुद्धा याहून जास्त होते. तिला वाटलं काहीतरी गफलत झाली. सरांकडे जाऊन तिने पेपर मागितला. सरांनी दिला. पहिलंच गणित: द्रावणाचं. 'एक लिटर पाणी घ्यावे.' बाजूला लाल फुली. खाली मोलचं गणित, वजनावरून कण मोजायचं, तेच, ज्याला जिन्याखाली तीन वेळा टिक मिळाली होती. फुली. समीकरण, फुली. आत्याने पेपर घडी करून पिशवीत कोंबला.

ती घरी आली ती चप्पल न काढता थेट झंप्यासमोर उभी राहिली. तो ओट्याशी उभा राहून पाव खात होता.

"खरं सांग. मी जिन्याखाली लिहायचे ते चुकीचं होतं?"

"आत्या, पेपर जरा अवघड..."

"मी विचारलं ते सांग."

पाव तोंडातच राहिला. "थोडं थोडं चुकायचं," तो म्हणाला.

"आणि तू टिक करायचास."

"तू रडलीस ना गं त्या दिवशी! मला नाही बघवत. मला वाटलं, तुझा हुरूप वाढेल, मग आपोआप यायला लागेल."

"म्हणजे मी रडले म्हणून तू दोन आणि दोन पाच केलेस?" आत्याचा आवाज फाटला. "अरे, मी काय कुकुलं बाळ आहे? माझं उभं आयुष्य लटकलंय रे त्या विषयावर! मेट्रनबाईंना मी तोंड वर करून सांगितलं. त्या सटवीला सांगितलं. आणि तुम्ही पोरं मला टिकल्या लावत बसलात?"

झंप्याचा चेहरा पार पडला. आत्याला त्याला थोबाडावं असंही वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. पडद्याआड, जिथे तिची खाट होती, तिथे जाऊन ती पालथी पडली. राग झंप्याचा होताच. पण पडल्या पडल्या तिला आणखी एक गोष्ट आठवत राहिली. तिला खरं सांगणारी एकच मुलगी होती आणि तिला हिनेच हाकललं होतं.

चष्मिसच्या आईचं झेरॉक्सचं दुकान होतं, कॉलेजच्या मागच्या गल्लीत, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. दुसऱ्या दिवशी आत्या तिथे गेली. मशीनच्या गरम वासात चष्मिस कागद सारखे करत होती. पुढे दोन गिऱ्हाइकं. आत्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला.

"काय काढायचंय?" चष्मिसने वर न बघता विचारलं.

"काही नाही. बोलायचंय."

चष्मिसने मान वर केली. आतल्या बाजूला तिची आई स्टूलावर बसून कागदांना पिना मारत होती. आत्याने आधी तिच्याकडे पाहिलं.

"ताई, तुमच्या मुलीला मी तुमच्यावरून बोलले. वळण नाही म्हणाले. भाच्याने तिची फुली खोडून टिक केली, ती मी हसून घेतली. माझं चुकलं."

आईने पिन मारायचं थांबवून मुलीकडे पाहिलं. "हिने घरी काही सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"सांगून काय करायचं होतं," चष्मिस पुटपुटली. मग आत्याकडे वळून म्हणाली, "मी पण रडले होते त्या दिवशी. घरी येऊन. पण मला कोणी टिक नाही केली."

मशीन घरघरत होतं. आत्या म्हणाली, "मला शिकवशील?"

"फुली मारली की परत रडणार?"

"रडेन. पण तू खोडू नकोस."

चष्मिसला हसू आलं, ते तिने दाबलं. "एक अट आहे. समजलं म्हणायचं नाही. तो शब्दच बंद. समजलं असेल तर मला शिकवून दाखवायचं."

आणि मग सुरू झालं. दुकानाच्या मागच्या बाजूला, कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून, गिऱ्हाइकं आली की मध्येच उठत. चष्मिस काही आत्याशी गोड बोलायला लागली नाही, तसं समजू नका. उलट पहिल्या दिवशी तिने आत्याला मोलवरून इतकं पिळलं, की आत्याला डोकं दुखायला लागलं.

"बाजारात खिळे कसे घेतात? मोजून?" चष्मिस विचारायची.

"वजनावर."

"आणि एक किलोत मोठे खिळे जास्त बसतील की बारीक?"

"बारीक."

"मग आता उलटं करा. मला मोठे खिळे आणि बारीक खिळे सारख्याच संख्येने हवेत. सारखं वजन देऊन चालेल का?"

आत्या विचारात पडली. "नाही. मोठ्यांचं वजन जास्त द्यावं लागेल." मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "थांब, थांब! म्हणजे हे जे दर पदार्थाचं वेगळं वजन देतात, ते याच्यासाठी? संख्या सारखी यावी म्हणून?"

"आता समजलं?"

"नाही!" आत्या घाबरून म्हणाली, आणि स्टूलावरची आई खळखळून हसली.

द्रावणाचं मात्र काही केल्या आत्याच्या हाताला पटेना. डोक्याला पटायचं, पण लिहायला लागली की पेन आपोआप 'एक लिटर पाणी घ्यावे' लिहून मोकळं. चष्मिसने फुली मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली. आत्या रडली, डोळे पुसले, पुन्हा लिहिलं, पुन्हा फुली. शेवटी चष्मिसच्या आईने पाण्याची काचेची बाटली आणून दिली, चष्मिसने तिच्या गळ्याशी पेनाने रेघ ओढली. आत्याने रेघेपर्यंत पाणी भरलं आणि वर मूठभर मीठ ओतून हलवलं. पाणी रेघेच्या वर चढलं. ती त्या रेघेकडे बघत बसली. मग बाटली ओतून रिकामी केली, आधी मीठ, मग थोडं पाणी, हलवलं, मग रेघेपर्यंत. तिने हे इतक्या वेळा केलं की आई म्हणाली, "अहो, घरातलं मीठ संपलं!"

आत्याने झंप्यालाही बोलावलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी. "ये रे तूही. पोरगी चांगली शिकवते."

"तिच्या हाताखाली? मी?" झंप्या म्हणायचा. "तिने तुला चारचौघांत रडवलं. मला ते तोंड बघायचं नाही." खरं तर त्याला आत्याचं तोंड बघायची लाज वाटत होती, पण पोरं असं थोडीच सांगतात. तो मेकॅनिकबरोबर जिन्याखालीच बसत राहिला. दोघं एकमेकांना टिक करायचे, चहा प्यायचे आणि मोटरसायकलींवर बोलायचे.

वार्षिक परीक्षा झाली. आत्या पेपर देऊन बाहेर आली तेव्हा पहिल्यांदाच तिला नेमकं माहीत होतं, आपलं काय चुकलंय. एक समीकरण गेलं. शेवटचं गणित अर्धवट. बाकी ठीक. तिने तसं दाराशीच चष्मिसला सांगितलं. चष्मिस म्हणाली, "मग पास व्हाल. जेमतेम."

जेमतेमच झाली. पण झाली! दारावरच्या कागदावर नाव बघून आत्याने तिथेच चष्मिसला मिठी मारली, चष्मा वाकडा केला तिचा. मेट्रनबाईंनी फोनवर 'शाब्बास' म्हटलं, आणि त्या बाईच्या तोंडून शाब्बास म्हणजे काय ते हॉस्पिटलातल्यांनाच विचारा. आत्या हसत हसत त्याच कागदावर झंप्याचं नाव शोधायला लागली. वर नव्हतं. मध्ये नव्हतं. तिचं बोट खाली खाली जायला लागलं आणि हसू ओसरत गेलं.

झंप्या रसायनात नापास झाला होता. मेकॅनिकही. मेकॅनिक खांदे उडवून म्हणाला, "आपलं गॅरेज आहे." झंप्याचं गॅरेज नव्हतं.

त्या दिवशी घरात कोणी आत्याचं अभिनंदन केलं नाही. वहिनीने ताटं आपटत वाढली. दादा पेपराच्या आड होता, पण पेपर उलटा धरलेला. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "पोराने तुला हात धरून त्या ग्रुपात नेलं. स्वतःचं साधलंस, चांगलं झालं. त्याचं काय?"

"दादा, मी बोलावत होते त्याला..."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून खोट्या टिका करत बसला तो. मला सगळं सांगितलंय त्याने. तुझे डोळे पुसता पुसता पोराचं वर्ष गेलं."

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या हो," पण तिने आत्याकडे पाहिलं नाही.

दादाचं सगळं बरोबर नव्हतं. पण सगळं चूकही नव्हतं, आणि तेच आत्याला खात होतं. ज्या घराने तिला मोडलेल्या संसाराच्या वणव्यातून उचलून आणलं, त्या घराच्या एकुलत्या पोराचं वर्ष तिच्या आसवांपायी गेलं. तिला सिस्टर व्हायचं होतं ना? झाली आता सिस्टर.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून आली तेव्हा घरात झंप्या एकटाच होता. खाटेवर आडवा, भिंतीकडे तोंड. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, पण तो पुस्तकाला हात लावायला तयार नव्हता. आत्याने हात धुतले, पदराला पुसले, टेबल ओढलं आणि एक कोरा कागद ठेवला.

"ऊठ."

"नको गं आत्या."

"ऊठ म्हटलं ना. मी गणित घालते."

तो उठला. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आत्याने वर्गात येतं तसं साधं गणित घातलं. इतका सोडा, त्याचं पाव लिटर द्रावण कसं बनवशील, सगळं लिही. झंप्याने पेन घेतलं. वजनाचा आकडा काढला, तो बरोबर होता. मग खाली लिहिलं आणि कागद डावीकडे सरकवला. सवयीने. डावीकडे आत्या होती.

तिने वाचलं. 'पाव लिटर पाणी घ्यावे, त्यात सोडा टाकावा, ढवळावे.'

हे आत्याचंच वाक्य होतं. त्या पोराला आधी येत होतं, बारावीत चांगलं येत होतं. तिच्या कागदावर टिक करून करून, शुक्रवारमागून शुक्रवार, तेच त्याला खरं वाटायला लागलं होतं. तिच्या बादलीतलं पाणी त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

"बरोबर आहे ना?" झंप्याने विचारलं. लहानपणी पाटीवर 'अ' काढून तो असाच बघायचा, मान कलती करून. तेव्हा आत्या कसंही वेडंवाकडं 'अ' असलं तरी 'शहाणं गं माझं बाळ' म्हणायची आणि पापा घ्यायची.

आत्याने लाल पेन उचललं. टिक करायला कितीसा वेळ लागतो? पोरगं हसेल, उठून तोंड धुईल, घरातलं मळभ जाईल, दादाही बोलायला लागेल. तिने पेन कागदावर टेकवलं आणि फुली मारली.

झंप्याने फुलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ वाकडे झाले आणि तो, एवढा ताडमाड पोरगा, टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

आत्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. तिने त्याच्या केसांत हात घातला, पण दुसऱ्या हातातलं पेन खाली ठेवलं नाही. फुली खोडली नाही.

"रड," ती म्हणाली. "मीही रडले होते. मी आहे इथे, कुठे जात नाही. पण चुकलंय ते चुकलंय, राजा."

बऱ्याच वेळाने त्याने डोकं वर केलं. शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, अगदी लहानपणी पुसायचा तसं. आत्या उठली, ओट्यावरची पाण्याची बाटली आणली, गळ्याशी लाल रेघ ओढली आणि त्याच्यासमोर ठेवली. मिठाचा डबा शेजारी ठेवला.

"हे दाखवते तुला," ती म्हणाली. "पण आधी चहा ठेव. चुकेल त्याचा चहा."

झंप्या उठला आणि पातेलं शोधायला लागला.